साडेपाच कोयते

रुईचोंढ्याच्या कॉलेजात फुटबॉल हॉलंडहून आला. कॉलेजचे अध्यक्ष अण्णासाहेब हे दूध संघाचेही चेअरमन होते, आणि सहकारी दुधाचा कारभार बघायला सरकारनं चेअरमन लोकांची एक तुकडी परदेशात नेली होती. तिथल्या गाई अण्णासाहेबांना फारशा पटल्या नाहीत. गोठ्यामागं पोरं चेंडू लाथाडत होती, ते मात्र पटलं. परत आल्यावर त्यांनी कॉलेजला सहा चेंडू आणि दोन लोखंडी गोल भेट दिले आणि खेळशिक्षकाला बोलावून सांगितलं की इथून पुढं आपलं कॉलेज हेच खेळणार.

खेळशिक्षक म्हणजे त्रिंबक गर्जे. तो कबड्डीचा माणूस. फुटबॉल त्यानं एकदाच, तोही पेपरातल्या फोटोत पाहिला होता, आणि त्या फोटोत चेंडू आला नव्हता. नियमांचं पुस्तक पोस्टानं मागवलं तर ते इंग्रजी निघालं. मग त्यानं चित्रं बघून नियम बसवले. ऑफसाइडचं चित्र त्याला दोन वर्षं उलगडलं नाही. त्याचा राग तो पंचांवर काढायचा.

पण नोकरी महत्त्वाची होती, आणि ती वर्षाच्या कागदावर होती. दर जूनमध्ये अण्णासाहेबांच्या ओट्यावर उभं राहायचं आणि नवा कागद घेऊन यायचं. गाव त्याला गर्जे सर म्हणायचं. त्याची आई मंजुळाबाई म्हणायची, "कागदाचा सर हाय."

मंजुळाबाईला असं म्हणायचा हक्क होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकानं तोडत पुढं जायचं, दुसऱ्यानं मागं मोळ्या बांधायच्या. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत, माणसांत नाही. ज्याला जोडीदार नाही तो अर्धा कोयता. त्रिंबक आठ वर्षांचा असताना त्याचा बाप फडावरच तापानं गेला, आणि त्यानंतर अकरा हंगाम मंजुळाबाई अर्धा कोयता होती. ती स्वतःच तोडायची आणि स्वतःच मागं फिरून मोळ्या बांधायची. बांधाकडची वाकडी सरी, जिथं ऊस आडवा पडलेला असतो, ती नेमकी तिच्या वाट्याला यायची. "ए अर्ध्या कोयत्या, पानी आन," असं एकजण तिला म्हणाला होता आणि ती निमूटपणे घागर घेऊन गेली होती. त्रिंबक तेव्हा दहा वर्षांचा होता. ते वाक्य तो विसरला नाही.

तो नोकरीला लागला तसं तिनं फडावर जाणं सोडलं, पण कोयता सोडला नाही. तो दारामागच्या खुंटीला टांगलेला असायचा. दसऱ्याला ती तो खाली काढायची, धार लावायची, हळदकुंकू वाहायची आणि परत टांगायची.

"माय, आता कशाला धार?"

"कागद हाय बाबा. वाऱ्यानं उडतो."

त्रिंबकला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. कायमची ऑर्डर आणायची आणि तो कोयता खुंटीवरून काढून कुणालातरी देऊन टाकायचा. तो दाराआड गेला की त्याला त्या कोयत्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटायची.

टीमचं म्हणाल तर पहिल्या वर्षी नऊ गोलांनी हरले, दुसऱ्या वर्षी अकरा गोलांनी. चेंडू कुठंही गेला की अकराही पोरं त्याच्यामागं पळत, टँकर आल्यावर गाव पळतं तशी. गोलकीपरही पळायचा. शिवाय स्पर्धा असायच्या जानेवारीत, आणि पोरं असायची ऊसतोडीला. दिवाळी झाली की कॉलेजातली निम्मी पोरं आई-बापांबरोबर नाहीतर बायकोबरोबर ट्रकमध्ये चढायची, ती गुढीपाडव्याला परत यायची; स्पर्धेला उरलेल्यांतून मिळतील ती अकरा उभी राहायची. कॉलेज त्यांची हजेरी लावत राहायचं, कारण न लावली तर कॉलेजच बंद पडलं असतं. दिवाळीनंतर सरावाला एकटा चाँद उरायचा. त्याचे वडील फळं विकायचे, त्यांचं उसाशी काही देणंघेणं नव्हतं. मग सर एकटे गोल मारायचे आणि चाँद एकटा अडवायचा. असं त्यानं दोन हिवाळे अडवलं.

शहाऐंशी साली पाऊस झालाच नाही. कॉलेजच्या मैदानावर दूध संघानं जनावरांची छावणी उघडली आणि गोलाच्या खांबांना बैल बांधले. अण्णासाहेबांनी त्रिंबकला ओट्यावर बोलावलं.

"गर्जे, तुमचा खेळ लई हरतो."

"हरतो, अण्णा."

"यंदा काही घिऊन आला तर कायम करतो. न्हाई आला तर गोल छावणीला राहू द्या, आन् जूनला कागदासाठी येऊ नका."

"कप आणला तर कायम?"

"कप, ढाल, काय बी."

मैदान गेलं म्हणून त्रिंबकनं पोरांना गावतळ्यात नेलं. तळं तळापर्यंत कोरडं होतं. भेगा पोरांनी माती टाकून बुजवल्या, तेव्हा तालुक्यात दुसरं सापडणार नाही असं सपाट मैदान तयार झालं. सगळा जिल्हा ढगाकडं बघून हात जोडत होता. त्रिंबकही जोडायचा, पण जरा सैल.

तिथंच एका संध्याकाळी ते झालं. चेंडू कोपऱ्यात गेला, अकरा पोरं कोपऱ्यात गेली, धर्मराज आणि रामहरी एकमेकांवर आदळले. धर्मराज कप्तान होता. रामहरी त्याचा चुलतभाऊ. त्रिंबकचं डोकं फिरलं.

"फडात असं करता का बे? फडात दोघं बी एकाच उसाला झोंबता का?"

"न्हाई सर," धर्मराज म्हणाला. "फडात मी तोडतो आन् मागं बायको मोळी बांधती."

"मागं वळून बघतो का, ती हाय का न्हाई?"

"कशाला बघू? असतीच."

त्रिंबकनं दोघांना धरून एकामागं एक उभं केलं. मग म्हणाला, "तू आन् रामहरी एक कोयता. तू तोडत जा, ह्यानं मागं राहायचं."

पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. दहा पोरांचे पाच कोयते झाले. तळ्याच्या तळात काठीनं रेघा ओढल्या, त्या सऱ्या. ज्याची त्याची सरी, सोडायची नाही. जोडीदाराच्या हाकेच्या बाहेर जायचं नाही. समोरच्यांचा शेवटचा गडी तो मुकादम, चेंडू यायच्या आधी त्याच्या पुढं पळालं की ऑफसाइड. हे सांगताना ऑफसाइड काय असतं हे त्रिंबकलाही कळलं, आणि दोन वर्षं ज्या पंचांना शिव्या दिल्या त्यांच्याबद्दल त्याला वाईट वाटलं.

राहिला चाँद.

"मी कुठल्या कोयत्यात, सर?"

त्रिंबकच्या तोंडाशी शब्द आला आणि अडला. अर्धा कोयता ही त्यांच्याकडं कुणाला म्हणायची गोष्ट नव्हती. पोरं हसायच्या बेतात होती.

"तू अर्धा कोयता," तो म्हणाला. "म्हंजे दोघांचं काम जो एकटा करतो तो. हसंल त्यानं चार दिवस गोलात उभं राहून दाखवावं."

कोणी हसलं नाही. चाँदनं मान हलवली आणि गोलात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्यानं काही सुटू दिलं नाही.

दिवाळी झाली आणि ट्रक आले. पण यंदा दहाही पोरं राधाकिशन मुकादमाच्या एकाच टोळीत होती आणि टोळी भीमेकाठच्या एका साखर कारखान्यावर चालली होती. त्रिंबकनं रजा टाकली, एक चेंडू घेतला, चाँदला घेतलं आणि मागोमाग गेला. चाँदच्या वडिलांनी पोराची खेप वाया जाऊ नये म्हणून पेरूच्या दोन पाट्या बरोबर दिल्या. चौथ्या दिवशी पाट्या रिकाम्या झाल्या आणि चाँद खेळायला मोकळा झाला.

दिवस मावळताना ट्रक भरून गेला की तुटलेल्या फडात तासभर सराव चालायचा. खाली उसाची खोडकं, वर पाचट. पाय घासत पळणाऱ्याचा पाय फाटायचा, म्हणून पोरं पाय उचलून पळायला शिकली. चेंडू खाली ठेवला तर खोडकात अडकायचा, म्हणून तो आला की लगेच जोडीदाराला द्यायला शिकली. बायका पाचटाच्या कोप्यांपुढं भाकरी थापता थापता बघायच्या आणि कोणाची सरी सुटली की ओरडायच्या. धर्मराजच्या बायकोला खेळ धर्मराजपेक्षा जास्त कळायला लागला होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राधाकिशननं पाय रोवला.

"सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पन धा पोरं तीन दिस गेली की धा कोयते मोडले. ट्रक कशानं भरू? कारखान्याची गाडी थांबत न्हाई."

"तीनच दिवस, राधाकिशन."

"तुमी मुकादम असता तर सोडलं असतं का?"

त्रिंबकला खोटं बोलता आलं नाही. "न्हाई," तो म्हणाला.

त्यानं आईला कार्ड टाकलं. पोरांना सोडत नाहीत, यंदा जमत नाही, जूनचं काय ते बघू. मंजुळाबाईला वाचता यायचं नाही. कॉलेजचा कारकून खाजामियाँ यानं ते वाचून दाखवलं. तिनं ते परत एकदा वाचायला लावलं.

पाचव्या दिवशी दूध संघाचा टेम्पो फडाच्या कडेला येऊन थांबला. दुष्काळात दूध नव्हतं, टेम्पो रिकामाच फिरायचा. त्यातून कॅनऐवजी म्हाताऱ्या उतरल्या. पुढं मंजुळाबाई, मागं सुभद्राबाई, साखराबाई, आणखी सातजणी. साठीच्या आसपासच्या, ऊसतोड सोडून बसलेल्या, बहुतेक नवरा नसलेल्या. प्रत्येकीच्या काखेत फडक्यात गुंडाळलेला कोयता होता.

त्रिंबक धावत गेला. खुंटीवरचा तो कोयता त्याला फडक्यातूनही ओळखू आला.

"माय, तू कावून आलीस?"

"धा पोरं जाणार म्हनं. आमी धा आलो. ज्याच्या त्याच्या बायकोसंगं एकेक लागतो. झाला की पुरा कोयता."

"तुझा कोयता बंद व्हावा म्हणून हे सगळं चाललंय, आन् तूच घेऊन आलीस?"

"मंग जिंकून ये," मंजुळाबाई म्हणाली आणि पदर खोचून राधाकिशनकडं वळली. "मुकादम, सरी दाव. आन् वाकडी देऊ नको."

राधाकिशननं सरळ सरी दिली. त्रिंबक बांधावर उभा राहून बघत होता. तो कारखान्याच्या फाटकावर गेला आणि कॉलेजला फोन लावला. लाइन खरखरत होती.

"खाजामियाँ, फॉर्म भरून पाठवा. टीम पुरी हाय. साडेपाच कोयते."

खाजामियाँ सांगितलेलं तसंच्या तसं लिहिणारा माणूस होता. मागं एकदा त्यानं प्राचार्यांच्या पत्रात स्वतःच्या मनानं दुरुस्ती केली होती आणि त्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. फॉर्मवर 'खेळाडूंची संख्या' अशी ओळ होती. तिच्यापुढं त्यानं वळणदार अक्षरात 'साडेपाच कोयते' लिहिलं. प्राचार्यांनी वाचून सही केली. अण्णासाहेबांनी वाचून सही केली. तिघांपैकी कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि आष्टी तालुक्यात दिसलंही नसतं.

औरंगाबादला दिसलं. स्पर्धेच्या कार्यालयातून उलट टपाली पत्र आलं: साडेपाच कोयते आणण्याचे प्रयोजन कळवावे. मैदानावर धारदार शस्त्रास सक्त मनाई आहे. अर्धा कोयता म्हणजे काय, याचाही खुलासा व्हावा. पत्र कॉलेजात पोचलं तेव्हा टीम एसटीत होती.

मैदानाच्या फाटकावर हवालदार उभा होता, शेजारी स्पर्धेचे संयोजक. पिशव्या उघडा म्हणाले. उघडल्या. फडावर कोयता ठेवून गेलं की दुसऱ्याचा होतो, म्हणून पोरं आपापला बरोबर घेऊन आली होती. दहा निघाले.

"कळवलेत साडेपाच," संयोजक म्हणाले, "आणि आणलेत दहा."

त्रिंबक समजावून सांगायला लागला आणि जितकं सांगेल तितकं ते बिघडत गेलं. एक कोयता म्हणजे दोन माणसं, म्हणून दहा माणसांचे पाच कोयते, पण हे जे दहा कोयते आहेत ते कोयते वेगळे. संयोजकांनी चष्मा काढला. हवालदार मात्र मघापासून त्रिंबकच्या बोलण्याकडं कान देऊन होता.

"कुठलं गाव, सर?"

"रुईचोंढं. आष्टी तालुका."

"मी बी तिकडलाच, लिंबागणेशचा," हवालदार म्हणाला. मग संयोजकांकडं वळला. "साहेब, कागद बरोबर हाय. साडेपाच म्हंजे अकराच. मोजून घ्या."

संयोजकांनी मोजले. अकरा भरले. कोयते कार्यालयात जमा झाले आणि 'कोयते, नग दहा' अशी पावती मिळाली. राहायच्या खोलीत फॉर्म बघून गाद्या टाकल्या होत्या, साडेपाच म्हणजे सहा धरून. पाच गाद्यांवर दोघं दोघं झोपले, सहावीवर चाँद एकटा. सर सतरंजीवर झोपले.

मैदानावर हिरवळ होती. पोरांनी आधी तिच्यावर हात फिरवला. "ही तर गादी हाय," रामहरी म्हणाला. खोडकांतून पाय उचलून पळणारी पोरं त्या गादीवर अशी पळाली की पहिला सामना तीन गोलांनी जिंकला, दुसरा दोननं. तिसरा अंतिम, शहरातल्या एका जुन्या कॉलेजशी. त्यांच्याकडं बूट होते, लिंबूसरबत होतं आणि त्यांच्या प्रशिक्षकांच्या गळ्यात शिट्टी होती. रुईचोंढ्याकडं एक घागर होती.

सामना बराच वेळ कोराच राहिला. त्रिंबक कडेला उकिडवा बसला होता. तिकडं आपली आई कितव्या सरीत असेल, हा विचार तो हाकलायचा आणि तो परत यायचा. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा धर्मराज चेंडू घेऊन गोलापर्यंत गेला, तिघं अंगावर आले, आणि त्यानं मागं न बघता टाचेनं चेंडू मागं सोडला. मागं रामहरी होता. असतोच. गोल झाला.

पुढची पंधरा मिनिटं सगळी चाँदची होती. त्यानं पोटावर, छातीवर, एकदा तोंडावर चेंडू घेतला. उजवीकडचा अडवून उठेपर्यंत डावीकडून आला, तोही अडवला. दोन हिवाळे तो एकट्यानं हेच करत आला होता, फक्त मारणारा बदलला होता. शिट्टी झाली तेव्हा तो गोलात बसून ओठाचं रक्त पुसत होता. त्रिंबक त्याच्याजवळ गेला आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून उभा राहिला.

शहरच्या प्रशिक्षकांनी येऊन हात मिळवला. "तुमची पद्धत कोणती?"

"कोयता," त्रिंबक म्हणाला.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बहुधा त्यांना ते रशियन नाव वाटलं असावं.

पावती दाखवून कोयते परत घेतले आणि टीम रुईचोंढ्याला न जाता तडक फडावर आली. दुपारची वेळ होती. म्हाताऱ्या सऱ्यांत वाकलेल्या होत्या. मंजुळाबाईच्या हाताला चिंधी बांधलेली होती. त्रिंबक तिच्यापुढं कप धरून उभा राहिला.

तिनं तो वरून बघितला, आतून बघितला. "पानी किती बसतं ह्यात?"

"दीड तांब्या बसंल."

"मंग भरून आन. सकाळधरून घसा वाळलाय."

त्रिंबक पाणी आणायला गेला. त्याच्या लहानपणी आईला ज्या कामाला लावायचे, ते काम करताना त्याला एकदम हलकं वाटलं. दहाही म्हाताऱ्या त्या कपातून पाणी प्यायल्या. साखराबाई म्हणाली, कान धरायला बरे आहेत.

सव्वीस जानेवारीला अण्णासाहेबांनी सत्कार केला आणि सहकारावर तासभर बोलले. टेम्पो संघाचा होता हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि ते त्यांनी भाषणात घेतलं. म्हाताऱ्यांचं राहून गेलं. पण शब्द त्यांनी पाळला. जूनमध्ये त्रिंबकला कायमची ऑर्डर मिळाली, गोल शिक्का मारलेली. त्यानं ती घरी नेऊन आईच्या हातात दिली. तिनं ती देवाच्या पाटाखाली ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

त्या वर्षी दसऱ्याला तो सकाळी बाहेरून आला तर मंजुळाबाई अंगणात दगडापुढं बसलेली, मांडीवर कोयता.

"माय, आता तरी देऊन टाक तो. नोकरी कायम झाली."

"तुझी झाली," मंजुळाबाई म्हणाली. "पोरांची कुठं झाली? धर्मराज ह्या दिवाळीला बी जाणारच की. आन् मॅची जानेवारीतच हायत ना?"

"जानेवारीतच."

"मंग त्याच्या सरीत कोण उभं राहील?"

ती एका हातानं दगडावर पाणी शिंपडत होती. दुसरा हात, फडावर चिंधी बांधली होती तो, अजून नीट मिटत नव्हता. त्रिंबक तिच्यासमोर बसला, तिच्या मांडीवरचा कोयता उचलला आणि धार लावायला लागला.

"जरा आडवा धर," मंजुळाबाई म्हणाली. "बोट कापशील."